आठ वाजताचे पडदे

सोमवारी दुपारी आईने मला सफरचंदं सोलायला बसवलं, आणि मी साल जाड काढते म्हणून बोलली.

"निम्मं सफरचंद डुकरांना घालतेस तू."

"आपल्याकडे डुकरं नाहीत, आई."

"म्हणून तर म्हणतेय. कुणाच्या तोंडातही जात नाही, नुसतं वाया."

मार्च लागला होता. ऊन होतं पण ऊब नव्हती. आईने तरीही पुढचं दार उघडं टाकलं होतं, कारण शेजारचा अदेलिनो गाडी धूत होता आणि त्याने गाणी लावली होती. ती गाणी तिला आवडायची. भाषेतलं अक्षर कळत नसे, पण प्रत्येक गाणं समुद्राबद्दल आहे अशी तिची खात्री होती. अदेलिनोची पोरगी चाकांचे बूट घालून फुटपाथवरून जायची, रस्ता ओलांडून समोरच्या बेपमावशीच्या कुंपणाला धरून वळायची आणि परत यायची. बाकी गल्ली चिडीचूप. मधूनच बंदरावरच्या बोटीचा भोंगा यायचा, तोही एवढ्या लांबून की बोट दुसऱ्या कुठल्या गावात आहे असं वाटावं. रॉटरडॅमचे लोक आमच्या वस्तीला झोपाळू म्हणतात. ट्राम इथे संपते, पुढे बांध आणि शेतं. पण झोपलेलं इथे कुणी नसतं. सगळे आपापल्या खिडकीत असतात.

"नेल!" समोरच्या दारातून बेपमावशीने आईला हाक मारली. ती आमच्याकडे कधीच रस्ता ओलांडून बोलायला येत नसे. एवढ्याशा गोष्टीसाठी कोट कोण घालणार, म्हणायची. "ते दीपगृहाचं कोडं संपलं का तुझं?"

"केव्हाच! वर कपाटावर ठेवलंय."

"मग उद्या दे की. माझ्या पवनचक्कीत निम्मं आभाळ आहे. सगळे तुकडे निळे. डोळे फुटले माझे."

"ते आधीच फुटलेत. उद्या त्यासाठीच जातेयस ना डॉक्टरकडे?"

"तुकडे मोजून दे हं. मागच्या वेळी एक कमी होता."

"याही वेळी एक कमी आहे. कुठला ते सांगणार नाही."

अदेलिनो बादलीवरून वाकल्या वाकल्या हसला. दोघी सत्तरी ओलांडलेल्या. हजार तुकड्यांची चित्रं जुळवायची, मोडायची, डब्यात भरायची आणि एकमेकींना द्यायची, हा त्यांचा गेल्या कित्येक हिवाळ्यांचा उद्योग होता.

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, डेव्हेंटरला वाचनालयात नोकरीला. दर दुसऱ्या रविवारी आईकडे यायचे आणि मंगळवारी पहाटेच्या ट्रामने आणि पुढे आगगाडीने परतायचे. येताना पिशवीत पुस्तकं असायची. आईला ती चाळायला आवडायची, वाचायला नाही. "तू वाचतेस ना, मग झालं," म्हणायची. "एका घरात एकाने वाचलं की पुरे."

संध्याकाळी साडेपाचला, रोजच्यासारखा, आईने खिडकीतला दिवा लावला. सहाला जेवलो आणि मग आम्ही बसून राहिलो. आमच्या गल्लीत संध्याकाळी पडदे कुणी ओढत नाही. समोरच्या घरात कोण काय खातंय, कुणाचा टीव्ही कशावर आहे, ते सगळं दिसतं आणि कुणी पाहत नाही. पाहणं असभ्य. पण पडदे ओढून बसणं त्याहून वाईट. ओढले, तर लोक म्हणतात, काय लपवताहेत? झोपायला जातानाच तेवढे ओढायचे.

दहा वाजता आई पडद्याशी गेली आणि डावा हात वर करून थांबली.

"काय झालं?"

"हात जड झालाय. दुपारी खुर्चीत अंगाखाली आला असेल."

"थांब, मी ओढते."

"ओढ. पण सकाळी हात लावायचा नाही. सकाळचं माझं काम."

"माहितेय गं. तुमचं गुप्तहेर खातं."

"हस तू."

ते खातं चार वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. बाबा गेल्यावर मी आईसाठी गळ्यात घालायची एक घंटी आणली. पडलं, बिनसलं की बटण दाबायचं. आईने ती संडासात वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवली. "गळ्यात घंटा घालायला मी काय गाय आहे? समोर बेप आहे. पडदे आहेत." दोघींचं ठरलं होतं: आईने सकाळी आठला पुढचे पडदे उघडायचे. उघडे दिसले की बेपमावशीने आपल्या कॉफीला लागायचं. नाही उघडले, तर आधी फोन आणि मग किल्ली घेऊन थेट घरात. एकदा आई खरंच झोपून राहिली होती, तेव्हा बेपमावशी आठ वाजून पाच मिनिटांनी हातात छत्री उगारून तिच्या पलंगापाशी उभी होती. ती गोष्ट गल्लीत वर्षभर पुरली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी बॅग घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. आईच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

"आई, निघाले गं."

"सफरचंदं घेतलीस?"

"हो."

"दार हळू ओढ. अदेलिनोची पोरगी उठेल."

मी खाली आले. बूट घातले. बैठकीच्या खोलीत अंधार होता आणि पडद्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ आली होती. मला रात्रीचा तिचा हात आठवला, वर जाऊन अर्ध्यात थांबलेला. तिचं बोलणं आठवलं नाही. हात आठवला. जाड मखमलीचे पडदे, जुने, बाबांनी घेतलेले, पितळी कड्यांचे. म्हटलं, तेवढंच तिचं काम कमी. मी दोन्ही पडदे नीट बाजूला सारले, कड्या वाजू न देता. बाहेर अदेलिनो बंदरावरची रात्रपाळी संपवून येत होता. त्याने हात केला. मीही केला.

मग दार हळू ओढलं.

*

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मी वाचनालयाचे दिवे मालवत होते.

"योरीन, मी बेप. बसलेली आहेस का?"

मी उभी होते. तिने पुढे काय काय सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. साडेपाचला खिडकीतला दिवा लागला नाही. बेपमावशी कोट न घालता रस्ता ओलांडून गेली. आई वर होती, पलंग आणि कपाट यांच्या मध्ये, जमिनीवर. डोळे उघडे होते. बोलता येत नव्हतं. "माझ्याकडे बघत होती गं. सारखी बघत होती." आणि मग, जणू मी तिच्यावर काही आरोप केला असावा तसं, "सकाळी पडदे उघडे होते, योरीन. आठ वाजता मी बघितलं. उघडे होते. नाहीतर मी गेले असते का डॉक्टरकडे?"

"नाही, मावशी," मी म्हणाले.

आगगाडीत बसेपर्यंत मला काही कळलं नव्हतं. गाडी नदीच्या पुलावर आली, खिडकीच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता, आणि मागे काळं पाणी. तिथे मला पडदे दिसले. पितळी कड्या, माझे हात. भीती पोटात येते असं मी खूप ठिकाणी वाचलं होतं. मला ती हातांत आली. दोन्ही हात तळव्यांपर्यंत गार पडले. ते मी मांड्यांखाली घेऊन बसले. समोरच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, गाडीत थंडी आहे. गाडीत थंडी नव्हती.

दवाखान्यात आई पांढऱ्या चादरीखाली होती. तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली. तरुण डॉक्टरीण होती, अतिशय नम्र. तिने एकच प्रश्न विचारला, पण दोनदा.

"यांना शेवटचं धड कुणी पाहिलं? किती वाजता?"

"साडेसहाला मी तिच्याशी बोलले," मी म्हणाले. "सकाळी."

"आठला ती बरी होती," बेपमावशी म्हणाली. ती भिंतीशी खुर्चीत बसली होती, पायांत घरातल्या सपाता. "आठला तिने पडदे उघडले. म्हणजे खाली उतरली, पडदे उघडले. मग परत वर गेली."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. आठ.

हाच तो क्षण होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "काल रात्री तिचा डावा हात जड झाला होता. मला म्हणाली होती. मी लक्ष दिलं नाही."

तेही खरंच होतं. मी ते पुढे केलं, जसं मूल मोठी चूक झाकायला लहान चूक कबूल करतं.

"मेंदूत गुठळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती विरघळवायचं औषध पहिल्या चारेक तासांतच देता येतं. आता त्याचा उपयोग नाही."

"आणि सव्वाआठला कुणी गेलं असतं तर?" बेपमावशीने विचारलं.

"तर प्रयत्न करता आला असता. त्याने काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही."

बेपमावशीने मान हलवली. तिचे हात मांडीवर होते आणि एक अंगठा दुसऱ्यावर फिरत होता. मग ती हळूच म्हणाली, "परत वर कशाला गेली ही?" आणि आणखी थोड्या वेळाने, "कोडं. माझं कोडं आणायला गेली."

आई गुरुवारी पहाटे गेली. मी तिचा हात धरून होते, उजवा.

*

तिला आम्ही घरी आणलं. आमच्याकडे अजून बरेच जण तसं करतात. बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या आत, देह गार ठेवणाऱ्या विजेच्या पाटीवर तिला ठेवलं. पाटीचं यंत्र सतत हलकं घुमत होतं, लांबच्या बोटीसारखं. अंत्यविधीचं बघणारे गृहस्थ आले, माप घेतलं, कागद भरले, आणि जाता जाता अगदी सहज वळून त्यांनी पुढचे पडदे ओढून घेतले. मयताच्या घरचे पडदे बंद असतात. विधी बुधवारी होता. बुधवारपर्यंत ते उघडायचे नव्हते.

ते सहा दिवस मी त्या पडद्यांच्या आतल्या बाजूला काढले. आईची भीती वाटली नाही. ती शांत होती, केस विंचरलेले, निळा स्वेटर घातलेला. भीती दाराच्या घंटीची होती. घंटी वाजली की मी आधी फटीतून बघायचे कोण आहे, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण आमच्या गल्लीत फटीतून बघणाऱ्या बायकांबद्दल आई काय म्हणायची ते मला पाठ होतं.

बेपमावशी रोज दहाला यायची. कॉफी करायची, डब्यातून प्रत्येकाला एक एक बिस्कीट द्यायची, डबा बंद करायची. येणाऱ्या प्रत्येकाला तीच बसवायची आणि तीच सांगायची. मी स्वयंपाकघरात कप धूत असायचे आणि ऐकायचे.

"आठ वाजता पडदे उघडे होते. मी कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभी होते. म्हटलं, नेल उठली, आता जायला हरकत नाही. नऊची ट्राम पकडली. डोळ्यांत औषध घातलं, चारपर्यंत काही दिसत नव्हतं. आणि ही वर. माझ्या कोड्यासाठी. आदल्या दिवशी मी रस्त्यावरून ओरडून मागितलं, उद्या दे म्हणून. अदेलिनोने ऐकलंय. कपाटाकडे तोंड करून पडली होती हो."

लोक म्हणायचे, असं मनाला लावून घेऊ नका. ती म्हणायची, "मनाला कशाला लावू? जे आहे ते आहे."

दर वेळी "पडदे उघडे होते" आलं की मी नळ बंद करून ऐकायचे. आता ती वळेल आणि विचारेल, असं वाटायचं. योरीन, तू कितीला निघालीस? तेव्हा पडदे कसे होते? एवढे दोनच प्रश्न. ते तिने का विचारले नाहीत हे मला कळत नव्हतं. मग शनिवारी कळलं. तिला ते सुचतच नव्हते. सकाळी पाहुणा पडद्यांना हात लावत नाही, हे दोघींमध्ये इतकं पक्कं होतं की त्यात माझ्यासाठी जागाच नव्हती.

शनिवारी दुपारी अदेलिनो आला. त्याच्या बायकोने मका आणि घेवड्याचं कालवण पाठवलं होतं, भलं मोठं पातेलं, टॉवेलात गुंडाळलेलं. तो आईपाशी दोन मिनिटं उभा राहिला, तिच्या स्वेटरच्या बाहीला हात लावला, आणि मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला. बेपमावशी बाहेर कुणाला तरी दारापर्यंत सोडायला गेली होती.

"नेलबाईंनी एकदा मला विचारलं," तो म्हणाला, "तुझी सगळी गाणी समुद्राची का असतात? म्हटलं, बाई, हे गाणं तर गाढवाबद्दल आहे. त्या म्हणाल्या, असू दे, गाढव बोटीवर असेल."

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता मला दिसलं की तो हसत नाहीये.

"त्या दिवशी सकाळी तू मला हात केलास," तो म्हणाला. "खिडकीतून."

दाराशी बेपमावशीचा आवाज होता. ती कुणाला तरी बुधवारची वेळ सांगत होती. मी आवाज खाली आणला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? माझं काम नाही ते." त्याने पातेल्यावरचा टॉवेल उगीच सारखा केला. "पण एक ऐक. मी साडेसहाला कामावरून येतो. हल्ली समोरची म्हातारी तेव्हा कपडे करून खिडकीत बसलेली असते. दिवा न लावता. तुमच्या पडद्यांकडे बघत. मी हात करतो, तिला दिसत नाही."

"डोळे खराब आहेत तिचे."

"डोळे नाहीत खराब," अदेलिनो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले डोळे छान आहेत. तिनेच सांगितलं मला."

बेपमावशी आत आली. "काय कुजबुज चाललीय? आणि हे पातेलं केवढं! अरे, आम्ही दोघीच आहोत, पलटण नाही."

"उरलं तर गोठवा, बेपबाई."

"गोठवायचं काय काय," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला. बैठकीच्या खोलीत यंत्र घुमत होतं. अदेलिनोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्या हाताला धरून हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

त्या रात्री मी स्वतःशी वाद घालत बसले. सांगून काय होणार? आई परत येणार नाही. मावशीची जिवाभावाची मैत्रीण गेली, आता मैत्रिणीच्या मुलीचाही तिटकारा यावा? माझ्याकडे असं वाद घालायला पुष्कळ साहित्य आहे. आयुष्यभर वाचलंय. पण प्रत्येक युक्तिवादाच्या शेवटी मला एकच गोष्ट दिसायची. मी भ्यायले होते, आणि माझी भीती ती बाई माझ्या जागी बसून भोगत होती. समोरच्या खिडकीत.

*

बुधवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी पडदे ओढून घेतले. असं करण्याची पद्धत आहे, पण मला वाटलं नव्हतं की नव्या भाडेकरूंनाही ती माहीत असेल. दोन्ही बाजूंच्या झाडून सगळ्या खिडक्या मिटलेल्या. लोक आपापल्या कुंपणाबाहेर उभे होते, कुणी बोलत नव्हतं. अदेलिनोची पोरगी चाकांचे बूट हातात घेऊन मोज्यांवर उभी होती. गाडी आईला घेऊन चालण्याच्या वेगाने ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली आणि आम्ही मागून. सांगून टाकायचं ते आजच, असं मी ठरवलं होतं. पण मिटलेल्या खिडक्यांच्या त्या रांगेतून जाताना ते मला जमणार नाही हे कळलं. सगळी गल्ली डोळे मिटून उभी आहे आणि कुणी एकाने जरी उघडले तर त्याला मीच दिसेन, असं वाटत होतं.

नंतर कॉफी झाली, केक झाला. लोकांनी माझे हात हातात घेतले. बेपमावशी माझ्याशेजारी उभी राहून त्यांचे आभार मानत होती, घरच्या बाईसारखी. संध्याकाळी तिने मला दारापाशी सोडलं.

"उद्या सकाळी पडदे उघडायचे," ती म्हणाली. "विधी झाला की दुसऱ्या दिवशी उघडतात. तू उघडशील ना? की मी येऊ?"

"मी उघडेन."

"आठला," ती म्हणाली. "तशी आता वेळेला काही अर्थ नाही म्हणा."

सकाळी मी पावणेसातला उठले. बैठकीची खोली रिकामी होती. थंड पाटी नेलेली, यंत्र नेलेलं, गालिच्यावर चार पायांचे चार खड्डे. कधी नव्हे इतकं शांत. मी खुर्ची घेऊन पडद्यांसमोर बसले. सात वाजले. साडेसात. बाहेर सायकली गेल्या, पोरं शाळेकडे ओरडत गेली, कुणीतरी कुत्र्याला नावाने हाक मारली. वस्ती नेहमीसारखी उठत होती. मला फक्त उठायचं होतं, दोन पावलं जायचं होतं आणि हात वर करायचे होते. हात गार पडले होते, त्या दिवशी गाडीत पडले होते तसे.

आठला पाच मिनिटं असताना मी फटीतून पाहिलं. समोर बेपमावशी खिडकीत उभी होती. अंगात कोट, बटणं लावलेली. एका हातात किल्ली, आमची. दुसऱ्या हातात काही नाही. तिचा चेहरा मला एवढ्या लांबून स्पष्ट दिसला, आणि त्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण सहा दिवस तेच मी आरशात पाहत होते. तीही भ्यायली होती. पडदे न उघडण्याला ती भीत होती, आणि उघडण्यालाही.

मी पडदे उघडले नाहीत. वर गेले. आईच्या कपाटावरून दीपगृहाचा डबा काढला. त्यावर धूळ होती. सारखा, न हललेला, पंधरा दिवसांच्या धुळीचा थर. त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो पुसला नाही, तसाच घेतला. सपातांवरच बाहेर पडले आणि रस्ता ओलांडला.

घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"पडदे," बेपमावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "आठ वाजून दोन मिनिटं झाली. मी निघालेच होते. काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

मग तिने डबा पाहिला आणि एक पाऊल मागे सरली.

"ते नको मला. पोरी, ते घेऊन जा. मला ते बघवत नाही."

"यावरची धूळ बघ, मावशी."

"कसली धूळ?"

"याला कुणी हात लावलेला नाही. बघ."

तिने बघितलं. मग माझ्याकडे. तिचे डोळे खरंच छान होते, स्वच्छ, राखाडी, काही न कळलेले. तिच्यामागे, उघड्या दारातून, टेबलावरची पवनचक्की दिसत होती, निम्म्या आभाळाशी थांबलेली. माझ्या पाठीमागे रस्ता होता आणि रस्त्यावर लोक होते. अदेलिनो कुंपणापाशी थांबला होता. माझा आवाज चिरकला, पण पोचला.

"मंगळवारी पडदे मी उघडले, मावशी. साडेसहाला. तिचा हात जड झाला होता म्हणून. तिने मला नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी उघडले, आणि इतके दिवस बोलले नाही. तू आठला बघितलंस ते माझं होतं, तिचं नव्हतं. ती खाली उतरलीच नाही. तुझ्यासाठी ती वर गेली नव्हती. ती वरच होती."